हॉलमधली हवा नको, बाबांचा बेडका तपासा

पत्र: मी नागपुरात मानेवाड्याला राहते. बाबा ६८ वर्षांचे आहेत. पुष्कळ वर्षांपूर्वी त्यांना टीबी झाला होता, कोर्स पूर्ण केला, बरे झाले. गेल्या दिवाळीपासून खोकला सुरू झाला, वजन उतरलं, दोनदा बेडक्यात रक्त दिसलं. सीटी स्कॅनमध्ये उजव्या फुप्फुसातल्या जुन्या पोकळीत बुरशीचा गोळा निघाला. तीन महिन्यांपासून इट्राकोनाझोलच्या कॅप्सूल चालू आहेत, फारसा फरक नाही. दादाने फोनवर व्हिडिओ पाहिला की औषधाला दाद न देणारी बुरशी आता हवेतच असते. तेवढ्यात एका एजन्सीचा माणूस येऊन गेला: मशीन लावून घरातल्या हवेतली 'रेझिस्टंट फंगस' शोधून देतो, १४ हजार रुपये. दादा म्हणतो, करूनच टाकू. शिवाय कूलर बंद करायचा, खालच्या काकूंचा कंपोस्टचा ड्रम हटवायला लावायचा आणि काटोलच्या काकांकडे बाबांना पाठवायचं नाही, कारण ते संत्र्यावर बुरशीनाशक मारतात. रोज यावरून घरात वाद. काय करू?
— एक मुलगी, मानेवाडा

ताई,

ते १४ हजार जवळ ठेवा. त्यातले काही लागणार आहेत, पण दुसऱ्याच तपासणीला.

दादाने पाहिलं ते खोटं नाही. म्हणूनच त्याला नुसतं 'काहीतरीच तुझं' म्हणून गप्प करता येणार नाही. गोष्ट खरी आहे, तिच्यावरून घरात जे ठरवायला निघालात ते चुकतंय. आधी खरी गोष्ट काय ती सांगते, म्हणजे त्याच्याशी बोलायला तुम्हाला बळ येईल.

टीबीने फुप्फुसात पडलेल्या पोकळीत जो गोळा धरतो तो बहुतेक वेळा अ‍ॅस्परजिलस फ्युमिगेटस नावाच्या बुरशीचा असतो. पालापाचोळा, कुजणारं गवत, शेणखत, ओला कचरा हे तिचं घर. तिचे बीजाणू दोन-तीन मायक्रॉनचे, म्हणजे डोळ्याला दिसणं शक्यच नाही, आणि इतके हलके की वाऱ्यावर कुठच्या कुठे जातात. तुम्ही, मी, दादा, तो एजन्सीवाला, सगळेच दिवसाला शेकड्यांनी ते आत ओढतो. धडधाकट फुप्फुसातल्या पेशी ते गिळून संपवतात. बाबांच्या त्या जुन्या पोकळीत मात्र रक्त नीट पोचत नाही, पहारा ढिला असतो, तिथे तो बीजाणू रुजतो. म्हणजे बाबांना ही बुरशी कुठल्या तरी खास घाणीतून लागली असं समजू नका. पोकळी होती म्हणून ती टिकली.

आता औषधाचं. इट्राकोनाझोल, व्होरिकोनाझोल, पोसाकोनाझोल ही सगळी एकाच घराण्यातली, डॉक्टर त्यांना अ‍ॅझोल म्हणतात. बुरशीला आपल्या पेशीचं आवरण उभारायला एर्गोस्टेरॉल लागतं, ते तयार करणाऱ्या एन्झाइमला ही औषधं अडवून धरतात. अडचण अशी की याच घराण्यातली रसायनं शेतातही मारली जातात: टेब्युकोनाझोल, प्रोपिकोनाझोल, डायफेनोकोनाझोल, हेक्झाकोनाझोल. ती पिकावरच्या रोगासाठी असतात, फ्युमिगेटसशी त्यांना काही घेणंदेणं नाही. पण शेताच्या कडेला कुजणाऱ्या ढिगात ही बुरशी वाढत असते, तिथे तिला औषधाचा हलका-हलका डोस मिळत राहतो. ज्या बीजाणूत योगायोगाने बचावाचा बदल झालेला असतो तो तगतो, बाकीचे मरतात, आणि वारा तगलेल्याला घेऊन जातो. सगळ्यात गाजलेला बदल टीआर-३४ / एल-९८-एच या नावाने ओळखला जातो. त्यात त्या एन्झाइमचं उत्पादनही वाढतं आणि औषध जिथे चिकटतं ती जागाही बदलते. असा बीजाणू ज्याच्या फुप्फुसात रुजला त्याने आयुष्यात एकही अ‍ॅझोलची गोळी घेतलेली नसली तरी पहिल्या दिवसापासून औषध लागू पडत नाही.

हे फक्त युरोपातलं नाही. दिल्लीच्या वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटच्या संशोधकांनी २०१२ साली दाखवलं की हाच बदल असलेली बुरशी भारतात मातीतही आहे आणि रुग्णांतही, आणि तिचा जनुकीय ठसा जवळपास सारखा आहे, जणू एकाच वाणाचा पसारा. २०२२ च्या ऑक्टोबरात जागतिक आरोग्य संघटनेने धोकादायक बुरश्यांची पहिली यादी काढली, तीत फ्युमिगेटस सगळ्यात वरच्या गटात आहे. तर दादाच्या भीतीला आधार आहे, एवढं त्याला मान्य करून टाका. अर्धा वाद तिथेच मिटेल. आपल्याकडच्या रुग्णांत असा प्रतिकार अजून थोड्यांतच सापडतो, हेही त्याच वेळी सांगा.

मग हवा का तपासू नये?

कारण हवेतली ही बुरशी शोधणं म्हणजे काय, हे ज्यांनी खरोखर केलंय त्यांच्याकडे बघा. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजच्या संशोधकांनी ब्रिटनभरच्या शेकडो सामान्य लोकांना चिकट फिल्म पाठवल्या. २०१८-१९ मध्ये चार ठरलेल्या दिवशी, उन्हाळ्यातला सगळ्यात मोठा दिवस, हिवाळ्यातला सगळ्यात लहान आणि मधले दोन समान दिवस-रात्रीचे, लोकांनी त्या घराबाहेर उघड्या ठेवल्या, मग बंद करून पोस्टाने परत पाठवल्या. प्रयोगशाळेत त्यांच्यावर बुरशी वाढवली, तिला टेब्युकोनाझोलमध्ये वाढायला लावलं, जी वाढली तिची जनुकं वाचली. २०२३ मध्ये निष्कर्ष छापले. प्रतिकारक बीजाणू देशभर सापडले. पण आज जिथे जास्त, तिथे पुढच्या ऋतूत ते जास्त असतीलच असं नाही. ठिकाणं बदलत राहिली, कारण हवा सगळं मिसळून टाकते. त्यांचा अंदाज असा की तिथल्या माणसाचा वर्षातल्या साधारण २१ दिवसांत अशा बीजाणूंशी संबंध येतो. आणि रुग्णांत सापडलेल्या प्रतिकारक बुरशीपैकी किमान ४० टक्के बाहेरच्या वातावरणातूनच आलेली होती.

हा अभ्यास फार मोलाचा, मीही त्याचं कौतुक करणारी आहे. पण तो देशाच्या प्रश्नाचं उत्तर देतो: आपल्या हवेत हे आहे का, किती, कुठून येतं. मानेवाड्याच्या एका हॉलमध्ये एका मंगळवारी काय होतं, याने बाबांच्या उपचारात काडीचा फरक पडत नाही. ठिकाणं ऋतू-ऋतूला बदलत असतील, तर तुमचा एका मंगळवारचा रिपोर्ट लवकरच शिळा.

थोडा हिशोब करा. माणूस दिवसभरात दहा-बारा हजार लिटर हवा आत घेतो. एजन्सीची मशीन एका वेळी समजा २०० लिटर ओढेल. बाबांच्या दिवसाच्या श्वासाचा तो जेमतेम दोन टक्के. त्या २०० लिटरमधून फ्युमिगेटसच्या दहा वसाहती, म्हणजे एकेका बीजाणूपासून वाढलेले ठिपके, उगवल्या असं धरू, आणि तुमच्या भागातल्या वीस बीजाणूंमागे एक प्रतिकारक आहे असंही धरू, हा आकडा मी फक्त समजावण्यासाठी घेतलाय. त्या दहांत एकही प्रतिकारक न सापडण्याची शक्यता ६० टक्के निघते. म्हणजे 'काही सापडलं नाही' असा रिपोर्ट आला तर तुम्ही निर्धास्त होणार, आणि निर्धास्त व्हायला कारण काहीच नाही. आणि सापडलं तर? घर सोडणार? कुठे जाणार? सीताबर्डीलाही तीच हवा.

आणखी एक. असले लोक बहुतेक वेळा 'रेझिस्टंट' शोधतच नाहीत. बुरशी वाढवायची प्लेट लावतात, वसाहती मोजतात, 'फंगल काउंट जास्त' असं छापून देतात. बुरशी औषधाला दाद देते का हे कळायला ती आधी वाढवावी लागते, मग औषध घातलेल्या माध्यमावर पुन्हा वाढवून बघावी लागते, नाहीतर पीसीआर या जनुकं शोधणाऱ्या चाचणीने ते ठरावीक बदल शोधावे लागतात. पीसीआरलाही मेलेला बीजाणू आणि जिवंत बीजाणू सारखाच. त्या माणसाचा नंबर अजून असेल तर एवढंच विचारा: इट्राकोनाझोल, व्होरिकोनाझोल आणि पोसाकोनाझोल घातलेल्या प्लेटवर तुम्ही बुरशी वाढवून बघता का, आणि रिपोर्टवर सही कुणाची असते? फोन लवकर कटेल.

माझी नोकरी एका मेडिकल कॉलेजच्या सूक्ष्मजीवशास्त्राच्या लॅबमध्ये गेली, म्हणून प्लेट कशी दिसते तेही सांगते. कुठल्याही खोलीत नऊ सेंटिमीटरची उघडी प्लेट तासभर ठेवा, जमिनीपासून मीटरभर वर आणि भिंतीपासून मीटरभर दूर, ही रूढ पद्धत. ३७ अंशांवर ठेवली की दुसऱ्या दिवशी पांढरा कापूस दिसतो. तिसऱ्या दिवशी त्या कापसाच्या मधोमध निळसर-हिरवट राखाडी मखमल चढते, कडेला पांढरी गोट राहते. झाकण उघडताना श्वास जरी सोडला तरी वरची भुकटी हलते. नवीन आलेल्या मुली पहिल्यांदा बघून घाबरतात. मग कळतं की डीनच्या केबिनमध्ये ठेवलेल्या प्लेटवरही तेच येतं. इस्पितळं हवा तपासतात ती वेगळ्या कामासाठी: अस्थिमज्जा बदललेल्या रुग्णाच्या खोलीतले फिल्टर चालतात का, शेजारी बांधकाम सुरू झाल्यावर वॉर्डात बीजाणू वाढले का. तिथे हवा फिल्टर करून आत सोडलेली असते, म्हणून मोजण्याला अर्थ असतो. आपल्या घराच्या खिडक्या उघड्या. घरात बुरशी किती असावी याचा आकडा जागतिक आरोग्य संघटनेनेही २००९ च्या आपल्या मार्गदर्शिकेत दिला नाही. ओल काढा, एवढंच सांगितलं.

आता ज्याच्यासाठी पैसे राखून ठेवायला सांगितलं, ते. प्रश्न हवेत प्रतिकारक बुरशी आहे का हा नाही, त्याचं उत्तर मी आत्ताच दिलं: असू शकते. प्रश्न बाबांच्या पोकळीत जी बसलीय ती प्रतिकारक आहे का. ती बेडक्यातून कळते.

छातीच्या डॉक्टरांना सांगा की बेडक्याचं फंगल कल्चर आणि बुरशी वाढली तर तिची औषध-संवेदनशीलता चाचणी हवी आहे. नेमकं असंच म्हणा, कारण नुसतं 'कल्चर' म्हटलं की जिवाणूंचं होतं. सकाळी उठल्यावर चूळ भरून, खोलवर खोकून आलेला घट्ट बेडका हवा. लाळ चालत नाही. एकाच नमुन्यावर थांबू नका, वेगवेगळ्या दिवसांचे दोन-तीन द्या. या आजारात बुरशी प्लेटवर यायला कुचराई करते, एकदा 'नो ग्रोथ' आलं म्हणून बुरशी नाही असं होत नाही. फारच अडलं तर ब्राँकोस्कोपीने, म्हणजे श्वासनळीत दुर्बीण घालून, नमुना घेण्याचा निर्णय डॉक्टर घेतील. चार खणांची एक साधी प्लेट असते, तीन खणांत ती तीन औषधं, चौथा नुसता. चौथ्यात वाढ आणि बाकी तीन कोरे, तर बुरशी औषधाला दाद देतेय. औषधाच्या खणात वाढली तर पुढची नेमकी मोजणी करतात. मेडिकल किंवा मेयो या सरकारी इस्पितळांच्या, नाहीतर मिहानमधल्या एम्सच्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागात विचारा की ही चाचणी तिथे होते की बाहेर पाठवतात. चंडीगडच्या पीजीआयमध्ये बुरशीची देशातली अग्रगण्य प्रयोगशाळा आहे. आपल्या लॅबमार्फत बुरशी तिकडे पाठवता येईल का, हे डॉक्टरांनाच विचारा. कुरियरवाल्याच्या हाती बेडक्याची बाटली देऊ नका.

पण बेडक्याच्याही आधी, ताई, बाबांच्या गोळ्यांचा डबा उघडा. मला संशय तिथे आहे.

इट्राकोनाझोलच्या साध्या कॅप्सूल पोटात आम्ल असलं तरच नीट विरघळतात. आणि आपल्याकडे पंचावन्न-साठीनंतरच्या जवळपास प्रत्येक चिठ्ठीवर 'गॅसची गोळी' असतेच, पॅन्टोप्राझोल नाहीतर ओमेप्राझोल, सकाळी रिकाम्या पोटी. ती आम्ल कमी करते. त्यावर बाबांनी कॅप्सूल चहा-टोस्टबरोबर घेतली, की औषध पोटातून तसंच पुढे निघून जातं. कॅप्सूल पोटभर जेवणानंतर लगेच घ्यायची असते, शक्यतो रोज त्याच वेळी. हेच औषध पातळ द्रावणात आलं तर नियम उलटा, ते रिकाम्या पोटी. एक नवा प्रकार मिळतो, त्याच्या नावापुढे 'सुबा' असतं, त्याला आम्लाची एवढी गरज पडत नाही. वेगवेगळ्या कंपन्यांच्या कॅप्सूलमधून औषध रक्तात सारखं उतरत नाही, म्हणून दुकानदाराने 'ती नाही, ही घ्या, सेम आहे' म्हटलं तर डॉक्टरांना कळवा. आणि टीबीचं रिफॅम्पिसिन किंवा फिट्सचं फेनिटॉइन, कार्बामाझेपिन चालू असेल तर इट्राकोनाझोल रक्तातून इतकं झपाट्याने उतरतं की घेतलं काय आणि न घेतलं काय. बाबांना टीबी पुन्हा उलटला नाही ना, हे डॉक्टरांनी बघितलंच असेल. नसेल बघितलं तर त्या चाचणीचाही विषय काढा, पण टीबीची जुनी गोळी घरातून शोधून कुणी देऊ नका.

यातली गॅसची गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका. बाबा हृदयासाठी अ‍ॅस्पिरिन वगैरे घेत असतील तर ती कशासाठी दिलीय ते डॉक्टरला ठाऊक. सगळ्या गोळ्यांची पाकिटं, बीपीच्या, साखरेच्या, कोलेस्टेरॉलच्या, एका पिशवीत घालून घेऊन जा. चिठ्ठी नको, पाकिटं. कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्यांचं इट्राकोनाझोलशी वाकडं आहे, तेही तिथेच कळेल. बाबांच्या पायावर सूज आली, चालताना दम वाढला, तर पुढच्या तारखेची वाट न बघता दाखवा, हे औषध काहींच्या हृदयाला झेपत नाही.

आणि मग रक्तातली औषधाची पातळी तपासायला सांगा. बेडक्याबरोबर या तपासणीसाठीही १४ हजारांतले पैसे लागतील, आणि बरेच उरतील. पातळी स्थिर व्हायला साधारण दोन आठवडे लागतात, बाबांना तीन महिने झालेत, आता ती कधीही बघता येईल. गोळी पोचतच नसेल तर बुरशीवर प्रतिकाराचा आळ घेण्यात काय अर्थ? पातळी चांगली असून, संवेदनशीलता चाचणीतही बुरशी औषधाला दाद देतेय असं आलं, तर धीर धरा. हा आजार सुस्त आहे, उपचारही सुस्त. किमान सहा महिने द्यावे लागतात. चंडीगडच्याच पीजीआयमधल्या एका चाचणीत, जी २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली, सहा महिन्यांऐवजी बारा महिने इट्राकोनाझोल घेतलेल्यांमध्ये आजार उलटण्याचं प्रमाण बरंच कमी होतं. तीन महिन्यांत फरक नाही म्हणजे औषध फसलं असं नाही. पातळी चांगली आणि बुरशी खरंच प्रतिकारक निघाली, तर डॉक्टरांकडे दुसरी औषधं आहेत, शिरेतून द्यायचं अ‍ॅम्फोटेरिसिन आहे, आणि गोळा एकटा-दुकटा असेल, बाबांचं फुप्फुस झेपवत असेल तर शस्त्रक्रियाही आहे. रक्त चमचाभरापेक्षा जास्त पडलं, किंवा थांबेना, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी थेट इस्पितळ गाठा.

(२०२१ ची 'काळी बुरशी' आठवून नातेवाईक फोन करतील. ती वेगळी, म्युकर. तिच्यावर व्होरिकोनाझोल मुळातच चालत नाही, तिने ते कुणाकडून शिकलेलं नाही. तेव्हा नागपुरात अ‍ॅम्फोटेरिसिनच्या कुप्यांसाठी लोक वणवण फिरले आणि शेवटी वर्ध्यातल्या कारखान्यात त्या बनायला लागल्या, ते तुम्हाला आठवत असेल. बाबांच्या आजाराचा आणि तिचा संबंध नाही. तसं सांगून फोन ठेवा.)

कूलर. दादाला विचारा, मे महिन्यात ४५ अंशांत ६८ वर्षांच्या आजारी माणसाला कूलरशिवाय ठेवून तो त्यांना कशापासून वाचवणार आहे? उष्माघाताने माणूस एका दुपारी जातो. कूलर हवाच, नीट ठेवायचा. खरी धूळ उडते ती सिझनच्या पहिल्या दिवशी. आठ महिने गच्चीवर नाहीतर गॅलरीत पडलेला कूलर, ताट्यांमधलं गवत वाळून काळपट झालेलं, कडेला क्षाराची पांढरी पापडी. ती ताटी ओढून काढताना तपकिरी भुकटीचा लोट येतो आणि मागे राहणारा वास कुजक्या पेंढ्याचा. बाबा त्या वेळी त्या मजल्यावर नकोत. जुनं गवत आधी पाण्याने भिजवा, मग काढा, पिशवीत घालून कचऱ्यात द्या, नवीन भरा. टाकी ब्रशने घासून धुवा. हे दादाने करायचं, एन-९५ मास्क लावून. चालू सिझनमध्ये आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करा. डास होऊ नयेत म्हणूनही ते करावंच लागतं. बाबांच्या अंगावर थेट झोत नको, आणि समोरची खिडकी उघडी ठेवा, नाहीतर खोली दमट होते. पावसाळा लागला की कूलर बंद. आणि ताई, २०२३ च्या सप्टेंबरात अंबाझरी तलाव ओसंडून शहरात पाणी शिरलं तेव्हापासून अनेक घरांच्या भिंती अजून ओल धरतात. तुमच्याकडे तशी भिंत असेल तर बाबांचा पलंग तिथून हलवा आणि पैसे असतील तर त्या भिंतीवर खर्च करा.

मास्कची सवय बाबांनाही लावा. दोन-तीन मायक्रॉनचा बीजाणू नीट बसलेल्या एन-९५ मधून सहसा जात नाही, कापडी रुमालातून आरामात जातो. घरात दिवसभर नको, उकाड्यात ते टिकणारही नाही. पण रस्ता खोदलेला असेल, आणि आपल्या गावात सिमेंट रोडसाठी कुठला ना कुठला रस्ता खोदलेला असतोच, तेव्हा स्कूटरवरून जाताना, जुनं घर पाडत असतील तिथून जाताना लावायचाच.

काटोलच्या काकांना उगाच बदनाम केलंत. संत्र्याचा मुख्य शत्रू डिंक्या, तो फायटोफ्थोरामुळे होतो, आणि फायटोफ्थोरा ही खरी बुरशीच नाही, अ‍ॅझोलने तिला काही होत नाही. तिच्यासाठी खोडाला बोर्डो पेस्ट लावतात, मेटालॅक्झिल किंवा फोसेटिल वापरतात. काकांच्या बोर्डोने बाबांच्या गोळ्या निकामी होत नाहीत. मात्र बागेपलीकडे काकांचं सोयाबीन असेल तर विषय निघू शकतो, सोयाबीनवर टेब्युकोनाझोल सर्रास जातं, गव्हाच्या तांबेऱ्यावर प्रोपिकोनाझोल. पुढच्या वेळी डब्यावरचं नाव वाचा, शेवटी 'कोनाझोल' दिसलं की घराणं कळलं. त्यांना ते बंद करा म्हणायचा अधिकार ना तुम्हाला ना मला, रोग आला तर शेतकरी काय करणार? एवढं मात्र म्हणता येईल की दुकानदाराने 'पीक हिरवंगार राहतं' म्हणून टॉनिकसारखं दिलेलं मारू नका, रोग दिसला तरच, लेबलावरच्या मात्रेने. बरं, जगात याच चुकीची पुढची आवृत्ती निघतेय: ओलोरोफिम नावाचं नवं औषध या प्रतिकारक बुरशीसाठी चाचण्यांत आहे, आणि ते बाजारात यायच्या आतच त्याच जागेवर मारा करणारं शेतीचं बुरशीनाशक अमेरिकेत मंजूर होऊन बसलंय. हे काटोलच्या काकांनी सोडवायचं नाही, दिल्लीत आणि वॉशिंग्टनमध्ये फायलींवर सह्या करणाऱ्यांनी सोडवायचं. बाबा काकांकडे जाऊ देत. फवारणीच्या दिवशी, मळणीच्या दिवसांत आणि शेणखताचा ढीग उपसताना तेवढे नकोत.

राहिल्या खालच्या काकू. कंपोस्ट हे फ्युमिगेटसचं आवडतं ठिकाण खरं. ढीग आतून तापतो, पन्नास अंशांच्या आसपासही ही बुरशी मजेत वाढते, इतर बहुतेक बुरश्या तिथे टिकत नाहीत. नेदरलँडमध्ये प्रतिकारक बुरशीचे अड्डे शोधले तेव्हा फुलांच्या कंदांचा कचरा, हिरव्या कचऱ्याचे ढीग आणि लाकडाच्या ढलप्यांचे ढीग हीच ठिकाणं निघाली. ब्रिटनमध्ये मोठ्या कंपोस्ट प्रकल्पापासून २५० मीटरच्या आत वस्ती असेल तर हवेतल्या जंतूंचा वेगळा विचार करायला लावतात. पण ते प्रकल्प टनांनी कचरा उलटवतात. काकूंचा ड्रम भाजीच्या देठांचा. तो बाबांच्या खिडकीखालीच असेल तर मागच्या कुंपणाकडे न्यायची विनंती करा, आणि ढवळण्याआधी वरून पाणी शिंपडायला सांगा, कोरडा ढीग ढवळला की ढगच उठतो. ढवळायची वेळ ठरवून घ्या, त्या अर्ध्या तासात बाबांची खिडकी लावा. बाबांनी स्वतः बागकाम, कुंड्यांची माती उकरणं, वाळलेली पानं झाडणं सध्या सोडायचं. ड्रम हटवा म्हणून सोसायटीत अर्ज मात्र करू नका. काकूंचा ओला कचरा मग भांडेवाडीच्या कचरा डेपोत जाऊन कुजेल, आणि रोज संध्याकाळी जिन्यात भेटणारी शेजारीण तुमच्याशी बोलणार नाही. बाबांना रात्री-बेरात्री इस्पितळात न्यायची वेळ आली तर गाडी काढणारं घर जवळचं हवं.

डॉक्टरांकडची तारीख कधीची आहे? लांबची असेल तर फोन करून अलीकडची घ्या, पाकिटांची पिशवी आणि सकाळचा बेडका घेऊनच जा. लॅबकडून झाकणाची निर्जंतुक डबी आदल्या दिवशीच आणून ठेवा. घरातली औषधाची रिकामी बाटली वापरू नका, आणि बेडका गोळा केल्यावर डबी दोन तासांत लॅबमध्ये पोचेल असं बघा.